उष्ट्यावरचा जाळ

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणत असे. ती निपाणीच्या पलीकडची, कानडी मुलखातली. तिच्या माहेरी धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, म्हणून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती मला तंगी म्हणू लागली. मराठीत तंगी म्हणजे चणचण. ती मागच्या दारातून मोठ्यानं हाक मारायची आणि गल्लीतली माणसं हसायची. घरात चणचण खरोखरच होती, त्यामुळं मला त्या हसण्याचा राग यायचा. तिला कधी आला नाही.

थोरले दीर फाउंड्रीत कामाला होते. ते अचानक गेले. अक्काला मूलबाळ नव्हतं. तिचे भाऊ तिला न्यायला आले, दोन दिवस राहिले, आणि तसेच परत गेले. तिनं त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, कारण बोलणं सगळं कानडीत झालं. ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली, पदर खोचला आणि मला म्हणाली की आपण दोघी मिळून खानावळ घालू. माझे मालक एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांनी पुढच्या खोलीतलं सामान हलवून लांब बाकडी करून दिली. कोल्हापुरात शिकायला आलेली पोरं, एकटे राहणारे नोकरदार, बदली होऊन आलेले कारकून असे मेंबर हळूहळू जमले. माझी मुलगी त्या बाकड्यांवरच अभ्यास करून मोठी झाली आणि नोकरीला पुण्याला गेली.

अक्काचा एक नियम होता. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट मागच्या दाराशी न्यायचं, उरलेलं निळ्या बादलीत निपटायचं आणि मगच हात धुवायचे. सगळे उठून गेले की ती बादलीत डोकावायची. कोणती भाजी खारट झाली, कुठल्या आमटीत डाळ कच्ची राहिली, हे तिला बादलीतच समजायचं. मेंबरांना तोंडानं विचारायची तिला गरज पडत नसे. माणूस तोंडावर बरं म्हणतो, ताटात मात्र खरं ठेवतो, असं तिचं म्हणणं होतं.

आधी हे उष्टं एक गवळी म्हशींना न्यायचा. कोरोनात खानावळ बंद पडली. पुन्हा सुरू केली तोवर त्यानं म्हशी विकून गावाकडची वाट धरली होती. मग उष्ट्याचं करायचं काय, हा रोजचा प्रश्न झाला. घंटागाडीवाला एवढा ओला कचरा बघून कुरकुर करायचा. बादली रात्रभर बाहेर ठेवली की कुत्री ती लवंडायची. सकाळी शेजारीण दारात उभी राहून भांडायची, आणि तिचं चूक होतं असंही नाही. एकदा अक्का भरलेली बादली स्वतः उचलून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीकडं निघाली आणि भर रस्त्यात पाय घसरून पडली. भात, आमटी, भाकरीचे तुकडे सगळे तिच्या अंगावर. मी धावत गेले. ती उठायच्या आधी रस्त्यावरचा भात गोळा करत होती. लोकांच्या पायाखाली अन्न येतंय, याचंच तिला जास्त लागलं होतं.

त्या वेळी दुपारच्या मेंबरांत एक मिस्त्री होते. साठीच्या पुढचे, मुसलमान, उद्यमनगरात त्यांचं वेल्डिंगचं छोटं दुकान. बायको कोरोनात गेली होती आणि तेव्हापासून ते आमच्याकडं जेवायला यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. तरुणपणी त्यांनी मलकापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर शेणाच्या गोबरगॅसच्या टाक्या बसवल्या होत्या. अक्काचं खरचटलेलं कोपर बघून त्यांनी काय झालं ते विचारलं आणि मग म्हणाले की शेणाचा होतो तसा उष्ट्याचाही गॅस होतो, टाकून कशाला देता. अक्काला वाटलं, चाचा तिची समजूत काढतायत. पण पुढच्याच रविवारी ते टेप घेऊन आले आणि मागच्या मोकळ्या जागेचं माप घेऊन गेले.

पाणी साठवायच्या दोन काळ्या टाक्या त्यांनी आणल्या. एक मोठी, तोंड वर करून ठेवलेली. दुसरी तिच्यापेक्षा थोडी लहान, मोठीच्या आत पालथी घातलेली. एका बाजूनं उष्टं ओतायचा पाइप, त्यावर नरसाळं. दुसऱ्या बाजूनं जुनं पाणी बाहेर पडायचा पाइप. पालथ्या टाकीच्या डोक्यावर एक तोटी, तिथून रबरी नळी स्वयंपाकघरापर्यंत. आत उष्टं कुजणार, त्यातून गॅस सुटणार, तो गॅस पालथ्या टाकीत कोंडणार आणि टाकी आपोआप वर उचलली जाणार, असं त्यांनी अक्काला समजावलं. कुजवायला आत हवा लागत नाही, उलट हवा गेली तर बिघडतं, हे तिला काही केल्या पटेना. हवा नसेल तर जगतंय कोण आत, असं ती विचारत राहिली.

सुरुवातीला टाकी शेणानं भरावी लागली. गंगावेशीतल्या एका गोठ्यावरून पाट्या भरभरून शेण आणलं, पाण्यात कालवलं, ओतलं. मग नुसती वाट बघणं. आठवडे गेले. शेजारीण नाकाला पदर लावून जायची. पालथी टाकी एक दिवस वर आली तेव्हा अक्का नाचायचीच बाकी राहिली, पण शेगडीला काडी लावली तर काडीच विझली. चाचा म्हणाले की पहिला वारा असाच असतो, जळत नाही, तो सोडून द्यायचा. सोडून दिला. टाकी पुन्हा खाली बसली, आणि तिच्याबरोबर अक्काही पायरीवर बसली.

दुसऱ्यांदा टाकी वर आली त्या सकाळी काडी लावताच बारीक भक् असा आवाज झाला. उजेडात तो जाळ दिसतही नव्हता. अक्कानं वर हात धरला, चटका बसला तेव्हा तिची खात्री झाली. तिनं त्यावर पहिल्यांदा दूध तापवलं, त्याचा चहा केला आणि पहिला कप भांडणाऱ्या शेजारणीला नेऊन दिला.

सगळा स्वयंपाक त्यावर होत नसे. भाकऱ्यांना आणि मोठ्या आमटीला सिलिंडर लागायचाच. पण दूध, चहा, भात, अंघोळीचं पाणी एवढं त्या गॅसवर निभायचं. आणि बादली रिकामी व्हायची, हे त्याहून मोठं.

जनावर पाळावं तशी अक्कानं ती टाकी पाळली. ‘आमचं म्हसरू’ असंच ती म्हणायची. रोज बादलीतलं उष्टं ती हातानं कुस्करून, पाणी घालून पातळ करायची आणि नरसाळ्यातून हळूहळू ओतायची. हाडं, अंड्याची टरफलं, लिंबाच्या साली बाजूला काढायची. साबणाचं पाणी चुकूनही त्या बाजूला जाऊ द्यायची नाही. थंडीत गॅस कमी यायला लागला तेव्हा तिनं टाकीभोवती गोणपाट गुंडाळलं आणि उष्ट्यात कोमट पाणी मिसळू लागली. बाहेर पडणारं काळं पाणी गल्लीतल्या बायका कुंड्यांना घालायला न्यायच्या. जास्वंदीला फुलं आली की आधी अक्काला आणून दाखवायच्या.

ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवायची. मेंबर गेले, मालक जेवले, मी जेवले, की मागच्या पायरीवर ताट घेऊन बसायची. म्हणून तिचं जेवण नीट कुणी बघत नव्हतं.

एका दुपारी ती गल्लीत कुणाच्या बारशाला गेली होती. मी बादली उचलायला गेले. मेंबरांचं उष्टं तिनं तासाभरापूर्वीच टाकीत घालून बादली विसळून ठेवली होती, तरी तळाशी काहीतरी होतं. आमटीत भिजलेल्या भाकरीचे चावून चावून बाहेर काढलेले गोळे. ते कुणाचे, हे कळायला मला वेळ लागला नाही. त्या पायरीवर तिच्याशिवाय कुणीच बसत नसे.

ती आली तेव्हा मी विचारलं. आधी म्हणाली, घसा कोरडा पडलाय. मी तिथून हलले नाही, तेव्हा तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

“घास खाली उतरंना झालाय गं, तंगी. हितं येऊन थांबतोय.”

“कवापास्नं?”

“पाणी प्यालं की जायचा आधी. आता पाण्यानंबी जाईना.”

दुसऱ्या दिवशी मी आणि मालक तिला घेऊन दवाखान्यात गेलो. दुर्बीण घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ होती. पुढच्या तपासण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांकडं गेलो, आणि त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. अक्का ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की मी स्वयंपाक केला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले की झेपेल तेवढा करा. परत येताना रिक्षात ती मला सांगत होती की डॉक्टर मोठा भला माणूस आहे, त्यानं स्वयंपाकाला नाही म्हटलं नाही. मालक पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. घर येईपर्यंत त्यांनी मान मागं वळवली नाही.

किरणांचे शेक झाले, सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, तोंडाला फोड आले. मधे दोनेक महिने बरे गेले, तेव्हा ती मऊ भात खाऊ लागली आणि आम्हाला वाटलं, निभावलं. मग पुन्हा तेच. भात गेला, पेज राहिली. पेज घट्ट वाटू लागली तेव्हा वरचं पाणी.

माझी मुलगी पुण्याहून दर सुट्टीला यायची. अक्काला ती थोरली आई म्हणायची. येताना डबे भरभरून पावडरी आणायची, दुधात घालून प्यायच्या. अक्का तिच्यासमोर दोन घोट घ्यायची. मुलगी गेली की कप तसाच मला द्यायची आणि टाकीकडं मान करायची. मी तो पाइपात ओतायची. मुलीला हे मी कधी सांगितलं नाही.

मेंबरांना आजाराचं कळलं. त्यांच्यात काय बोलणं झालं देव जाणे, पण बादली एकदम हलकी यायला लागली. ताटात शितही ठेवायचे नाहीत. नको असलेली भाजीसुद्धा पोरं पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. घरात एका बाईला घास उतरत नाही आणि आपण टाकायचं, याची त्यांना लाज वाटत असणार. अक्का तेव्हा दिवसभर मागच्या दाराशी खुर्चीवर बसून असे. टाकी खाली खाली चाललेली तिनं बघितली. दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी भिंतीला धरत धरत पुढच्या खोलीत आली. सगळ्यांचे हात थांबले.

“मी खाईना झालो म्हणून तुमी समद्यांनी ताटं चाटायची व्हय?” ती म्हणाली. आवाज फार खोल गेला होता, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. “प्वाट भरलं की उठायचं. राहील ते राहील. त्याची सोय केलीया मागं.”

चाचा त्या पंगतीत होते. त्यांनी मुकाट्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवली. मग बाकीच्यांनीही थोडंथोडं ठेवलं. ती बादली मी उचलून टाकीपाशी नेली.

रविवारी मटण असायचं. तिला तांबड्या रश्श्याचा वास सहन होणार नाही म्हणून मी ते बंद करायला निघाले होते. तिनं करू दिलं नाही. उलट एका रविवारी वाटीत गाळलेला रस्सा मागितला. चमच्यानं तोंडात घेतला, डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला आणि दुसऱ्या वाटीत थुंकला. मग पुन्हा एक चमचा. असं वाटीभर केलं. मीठ कमी आहे म्हणाली. खरंच कमी होतं. मी थुंकलेली वाटी मोरीत रिकामी करायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं.

“तिकडं घाल. मी खाल्लं काय नि त्यानं खाल्लं काय, जाळ घरातच ऱ्हातोय की.”

हे ती हसत म्हणाली होती. मीही हसले असेन. त्यानंतर मी टाकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथंच काहीतरी करत असल्यासारखी उभी राहिले.

शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागली. नर्सनं मला शिकवलं. डाळतांदळाची पेज मिक्सरवर फिरवायची, फडक्यातून गाळायची, कोमट करायची आणि नळीच्या तोंडाला नरसाळ्यासारखी मोठी सिरिंज लावून थोडीथोडी सोडायची. घाई केली तर तिला उलटून यायचं. सकाळी उठून मी आधी टाकीचं उष्टं पातळ करत असे आणि मग हात धुऊन तिची पेज. अक्का खाटेवर पडून दारातून दोन्ही बघायची. एकदा म्हणाली, “आता माझंबी तसंच झालं की गं.” माझ्या हातातून पेज सांडली. तिच्या पोटावरचं मी पुसून घेतलं आणि तिला म्हणाले की गप्प पडून राहा.

त्या दिवसांत खानावळ मी एकटी ओढत होते. भाकऱ्यांना एक बाई लावली होती. अक्काच म्हणायची, बंद करू नको. पुढच्या खोलीत ताटांचा आवाज आला की तिला बरं वाटायचं.

ती गेली तीही जेवणाच्याच वेळी. दुपारची पहिली पंगत बसली होती. मालक वाढत होते. मी तिची पेज घेऊन आत गेले. ती कुशीवर होती, दाराकडं तोंड करून. हाक मारली. हात लावला. भांडं खाली ठेवलं आणि तिच्या पायाशी बसले. बाहेर कुणीतरी आमटी मागत होतं.

मी मालकांना आत बोलावलं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितलं, नाकापाशी बोट धरलं. मग माझ्याकडं बघितलं. काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळत होतं. पंगत अर्ध्यावर होती, आणि जेवत्या माणसाला ताटावरून उठवलेलं अक्काला आयुष्यात कधी चाललं नव्हतं. मालक हळूच म्हणाले, “जेवू दे त्यास्नी.” त्यांनी दार लोटून घेतलं आणि आमटीचं पातेलं उचललं. मी भाकऱ्यांची पाटी घेतली. पंगतीतून फिरत एकेकाला विचारून वाढलं. एका पोरानं अक्काची तब्येत विचारली. मी म्हणाले, निजलीय. सगळे उठले, ताटं निपटली, हात धुतले. त्यानंतर मी आत गेले, दार लावून घेतलं आणि मग मला रडू फुटलं.

चाचांना उद्यमनगरात निरोप पोचला. ते पायीच आले. उंबऱ्याबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते आणि तिरडी उचलेपर्यंत बसले नाहीत.

सुतकात घरी चूल पेटली नाही. भावकी आणि गल्ली डबे घेऊन येत होती. तिच्या माहेरची माणसं आली, तीही पाट्या भरून भाकरी आणि भात घेऊन. एवढं अन्न घरात कधीच आलं नव्हतं आणि घशाखाली कुणाच्याच काही जात नव्हतं. उरलेलं सगळं मी टाकीत घालत होते. भात, पिठलं, आमटी, शिऱ्याचे गोळे. कुस्करायचं, पातळ करायचं, बेतानं घालायचं, यातलं काही सुचत नव्हतं. बादली भरली की ओतायची. एवढंच एक काम माझ्याकडं राहिलं होतं. शिवाय अन्न टाकलेलं अक्काला चाललं नसतं.

रक्षाविसर्जन झालं, बारावं झालं. पाहुणे गेले. सकाळी चहा ठेवायला शेगडीपाशी गेले तर जाळ लागेना. मागं जाऊन बघितलं. पालथी टाकी पार तळाला बसली होती आणि नरसाळ्यातून आंबट वास येत होता. असा वास आधी कधी आला नव्हता.

चाचांनी येऊन काठी घालून ढवळून बघितलं. म्हणाले की आत आंबट वाढलंय. एकदम फार घातलं की असं होतं, गॅस करणारे जीव त्यात तगत नाहीत. चुन्याची निवळी घालू, शेणाचं पाणी घालू, बघू. मग ते जरा थांबले.

“आता त्याला उपाशी ठेवायचं, वहिनी. मी सांगेपतुर काय म्हंजे काय घालायचं न्हाय.”

मी पायरीवर बसले. सगळं वर्षभर माझ्या डोळ्यांपुढं अक्काचं उपाशी जाणं चाललं होतं, आणि हा भला माणूस मला तेच पुन्हा बघायला सांगत होता. ती नुसती टाकी आहे हे मला कळत होतं. तरी मी म्हणाले, “माझ्यानं न्हाय व्हायचं ते, चाचा.”

चाचा उठले. गोणपाटाचा एक तुकडा घेतला, नरसाळ्याच्या तोंडावर घट्ट बांधला आणि गाठ मारून गेले. त्यानंतर रोज दुकान उघडायच्या आधी ते गोठ्यावरून कॅन भरून शेणाचं पाणी आणत, स्वतः गाठ सोडून ओतत आणि पुन्हा गाठ मारत. मला हात लावू दिला नाही. मी चहा विचारायची, ते नको म्हणायचे. उष्टं मी घंटागाडीत देऊ लागले. गाडीवाल्याला कुणीतरी सांगितलं असावं, त्यानं कुरकुर केली नाही.

टाकी जगली. आंबट वास हळूहळू गेला, टाकी बोटभर वर आली, मग वीतभर. एका दुपारी चाचांनी मला आत बोलावून काडी लावायला सांगितलं. जाळ लागला. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते, मला बरं वाटेल अशी त्यांना आशा होती. मी त्यांच्यासाठी चहा केला. पण तिथं उभं राहून मला एवढंच कळत होतं की हे बघायला ती नाही. टाकी रोज किती चढली हे आता मला कुणी विचारणार नव्हतं.

खानावळ मी परीक्षा होईपर्यंत चालवली. पोरांना मधेच सोडणं बरं दिसलं नसतं. पण दोघींचं काम एकटीच्या हातून होईना, आणि खरं सांगायचं तर हात चालले तरी मन चालत नव्हतं. भाजी कशी झाली हे मला बादलीत दिसायचं नाही. मालक निवृत्त झाले होते, त्यांचे गुडघे गेले होते. मुलगी म्हणाली, आई, पुरे आता. सुट्टी लागली, पोरं गावाला गेली आणि आम्ही बाकडी बाहेर काढली.

दोन माणसांचं उष्टं ते काय. मूठभरही निघत नाही. टाकी पुन्हा खाली जाऊ लागली तेव्हा मीच चाचांना निरोप दिला. जयसिंगपूरच्या रस्त्याला मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथली दारं-खिडक्यांची कामं ते करतात. तिथं रोज ढीगभर जेवण उरतं. त्यांनी विचारलं, तिकडं देऊ का. मी हो म्हणाले.

टाकी रिकामी करायला पुरा दिवस गेला. गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या आणि काळं पाणी घेऊन गेल्या. शेजारीण सगळ्यांत जास्त घेऊन गेली, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून तशीच थोडी उभी राहिली. चाचा आणि त्यांचा कामगार टाक्या धूत होते. काम उरकल्यावर मी चहा दिला. या वेळी ते नको म्हणाले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्यायच्या आधी, माझ्याकडं न बघता, बोलू लागले. बायकोला दवाखान्यात ठेवलं तेव्हा आत कुणाला सोडत नव्हते. ते रोज घरून डबा नेऊन गेटवर द्यायचे. डबा आत पोचायचा की नाही, तिला जायचा की नाही, त्यांना कधी कळलं नाही. रिकामा डबा परत मिळायचा, एवढंच.

“शेवटाला तिनं काय खाल्लं, मला ठावं न्हाय,” ते म्हणाले. “तुमी निदान भरवलासा तरी.”

इतकी वर्षं ते आमच्याकडं जेवले होते आणि हे कधी बोलले नव्हते. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्यांनी तो प्याला.

टेम्पोत टाक्या चढवल्या, दोरीनं आवळल्या. गल्लीच्या तोंडाशी वळताना टेम्पो जरा अडला, मग गेला. मालकांनी नळाला पाइप लावून जागा धुतली. संध्याकाळी मुलीचा फोन आला, टाकी गेली का म्हणून. गेली म्हणाले. दोघींनी तसाच फोन धरून ठेवला.

त्या वसतिगृहात आता गॅस चांगला येतो, असं चाचा सांगतात. एकदा येऊन बघा म्हणतात. मी अजून गेलेले नाही. मागची जागा मोकळीच आहे. मालकांना तिथं पत्रा घालून स्कूटर लावायची आहे. मी बघू म्हणते.